ओल्या भाताचं वजन

खर्डीच्या आसपास चार गावांत कुणालाही विचारा, देवजीच्या खळ्यावरचं भात म्हटलं की माणूस डोळे मिटून गोणी उचलणार. का, तर देवजी ओलं भात विकत नाय. बाकीचे झोडणी झाली की दोन उन्हं दाखवतात आणि गिरणीवर नेऊन टाकतात. ओल असली की काटा जड बसतो, बसला तर बसू दे, आपल्या बापाचं काय जातं! देवजी मात्र रोज सकाळी ढिगातला दाणा उचलून दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर गोणीत, नाय तर परत उन्हात. गिरणीवाला काळूराम त्याला चिडवायचा, "देवज्या, भात वाळवतोस का पापड?" पण भरडायला पहिलं घ्यायचा ते देवजीचंच.

अशा माणसानं आपल्या पोटच्या पोरीलाच ओलं भात करून काट्यावर चढवावं? पण चढवलं. माणूस घाबरला की त्याची अक्कल चरायला जाते.

घाबरायचं कारण होतं कमळ, त्याची बायको. वर्षभर तिच्या अंगावरून फार जात होतं. बाई तोंडातून चकार शब्द काढायची नाय. भात लावणीत चक्कर येऊन चिखलात बसली तेव्हा सगळ्यांना कळलं. शहापूरच्या डॉक्टर मॅडमनं तपासलं: गर्भपिशवीत मोठी गाठ, ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल. इथपर्यंत ठीक, गावात तीन बायकांची झालीत ती ऑपरेशनं, तिघी टणटणीत हायत. पण कमळचं रक्त कुणाशीच जुळेना. नमुना मुंबईला गेला आणि उत्तर आलं, बॉम्बे ग्रुप. हजारो माणसांत एखाद्याचाच असतो म्हणे, आणि त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं चालतच नाय.

"नाव बॉम्बेचं आणि निघालं माझ्यात," कमळ म्हणाली. "मी तर कल्याणच्या पुढं कधी गेले नाय."

मॅडमनी विचारलं, घरात नात्यात लग्नं झालीत का? झालीत ना! कमळ देवजीच्या सख्ख्या मामाची पोर. कमळचे आईबापही आतेमामेभावंडं. मॅडम म्हणाल्या, मग घरातल्या सगळ्यांचं तपासू. देवजीचं जुळलं नाय. त्यांच्या एकुलत्या एक पोरीचं, भाविकाचं, तंतोतंत जुळलं.

देवजीनं तिथंच दवाखान्यात देवाला हात जोडले. घरातच खाण निघाली म्हणा! पण नर्सबाईंनी भाविकाला काट्यावर उभं केलं आणि तिचा चेहरा पडला. पोर वीस वर्षांची, शहापूरला कॉलेजात जाणारी, उंचीला बापाच्या खांद्याला लागणारी, आणि वजन साडेचाळीस किलो. पंचेचाळीसच्या आत असेल तर रक्त घेत नायत. नियम म्हणजे नियम.

मॅडमनी समजावून सांगितलं. नाशिकचा एक रक्तदाता यायला तयार होता, त्याची एक पिशवी होईल. पण एका पिशवीच्या भरवशावर त्या सुरी लावू देणार नव्हत्या. दुसरी हाताशी पाहिजे. तोवर गोळ्यांवर रक्तस्राव धरून ठेवता येईल, पण पाऊस लागायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. कमळचं अंग त्याच्यापुढं टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं. म्हणजे सगळं येऊन अडलं ते साडेचार किलोंवर.

दवाखान्यात आहाराचं बघणारी रंजिता होती, वरच्या ठाकूरपाड्याची पोर, शिकून तिथंच लागलेली. तिनं भाविकाला समोर बसवून काय खातेस, किती खातेस, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आठवड्याला पाव किलो धरा. चांगलं जमलं तर कधीतरी अर्धा. महिन्याला किलोभर चढलं तरी लय झालं."

"पाव किलो?" देवजी उडालाच. "बाय, आमच्या घरातला उंदीर पण याच्यापेक्षा जास्त चढतो!"

"काका, उंदीर रक्त द्यायला येणार नाय," रंजिता हसून म्हणाली. "मांस चढायला वेळ लागतो. घाईत चढलं ते टिकत नाय, आणि नुसती चरबी चढली तरी कामाची नाय. रोजच्यापेक्षा थोडं जास्त, पण रोज. आणि सोबत अंगमेहनत. तरच ते हाडाला धरतं."

देवजीनं मान हलवली, पण ऐकलं काय? कप्पाळ! पाव किलोनं हिशेब धरला तर चैत्र येणार होता, आणि त्याला वाटत होतं कमळ चैत्र बघतेय की नाय. घरी येतानाच त्यानं आसनगाव स्टेशनाबाहेरून केळीचा घड उचलला.

दुसऱ्या दिवसापासून भाविकापुढं खाण्याची जी काय आरास मांडली, विचारू नका. सकाळी तूप घातलेली पेज, तांब्याभर. वर केळी. दुपारी डोंगराएवढा भात, संध्याकाळी गुळाचे लाडू. गावात बातमी पसरली तशी एकेक बाई पदराखाली काहीतरी घेऊन यायला लागली. हिरी मावशीनं डिंकाचे लाडू आणले, रखमी काकूनं कोंबडी कापून पाठवली, कुणी म्हशीचा खरवस. सगळ्यांना कमळचं चांगलं व्हावं वाटत होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्या पोरीचा जीव खाल्ला.

"बाबा, आता नाय जात," भाविका म्हणायची.

"जातं गो, आईसाठी जातं," देवजी म्हणायचा. असं म्हटल्यावर पोर काय बोलणार? डोळे मिटून गिळायची.

तिसऱ्या रविवारी, सुकटीचं कालवण आणि दोन ताटं भात जिरायच्या आत, देवजीनं तिला काळूरामच्या गिरणीत नेलं. गोण्या तोलायच्या काट्यावर स्वेटरसकट उभं केलं. काटा साडेत्रेचाळीस!

"बघितलंस?" देवजी ओरडला. "म्हणे पाव किलो!" गिरणीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. काळूरामनं मात्र पोरीच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती एक हात पोटावर धरून उभी होती.

सोमवारी देवजी तिला घेऊन मोठ्या ऐटीत शहापूरला निघाला. आसनगावला उतरेपर्यंत भाविका दोनदा ओकली होती. त्याच्या आदल्या रात्रीपासून पोटही बिघडलेलं, ते तिनं सांगितलं नव्हतं. दवाखान्यात रंजितानं तिला काट्यावर घेतलं. चाळीस. सुरुवातीपेक्षाही अर्धा किलो कमी!

देवजीला वाटलं काटा बिघडला. त्यानं स्वतः चढून बघितलं. काटा बरोबर होता.

रंजिता रागावली नाय. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं भाविकाला साखरमिठाचं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि देवजीला एवढंच म्हणाली, "काका, आता तीन आठवडे मागं आलो आपण."

घरी आल्यावर कमळ अंथरुणातून उठून ओटीवर आली. पोरीचा उतरलेला चेहरा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवला. "तुमी माझ्या जिवासाठी माझ्याच पोरीला मारताय? ऱ्हाऊ दे ते ऑपरेशन. मला नाय करायचं. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मग ती रडली, भाविका रडली, आणि देवजी खळ्यावर जाऊन बसला. कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली त्याला.

सकाळी काळूरामचा निरोप आला, राहिलेल्या गोण्या घेऊन ये. देवजी बैलगाडी जुंपून गेला तर गिरणीवर भांडण लागलेलं. शेजारच्या गावचा जयराम नुसता पेटला होता. त्याचं भात त्यानं घरी तोललं तेव्हा एक वजन, आठ दिवस पडवीत पडून इथं आल्यावर भलतंच कमी. चोरलं कुणी, म्हणत होता. काळूरामनं गोणीत हात घातला, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाला, "कुणी चोरलं नाय रे बाबा. तू ओलं तोललंस. पाणी होतं ते, उडून गेलं. भात होतं तेवढंच हाय."

देवजीच्या हातातली बैलांची दोरी सुटली. अहो, आयुष्यभर हेच तर सांगत आला होता तो लोकांना! पाण्याचं वजन हे वजन नसतं. आणि घरात काय केलं? पोटात पेज भरली, सुकटीच्या खारानं पाणी धरून ठेवलं, अंगावर स्वेटर चढवला आणि काट्यावर उभं केलं. जयराम बरा, त्यानं निदान भातालाच फसवलं.

तो गोण्या न उतरवताच घरी परतला. भाविका ओटीवर मऊ भात खात होती. देवजी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पोरी, मी तुला ओलं भात केलं गो," तो म्हणाला. "आजपासून तुझं ऊन तू ठरवायचं. मी नुसता राखणीला."

भाविका बापाची पोर. तोंडातला घास संपवून म्हणाली, "राखणीला बसा, पण ताटात वाकून बघायचं नाय."

त्या दिवसापासून घराची चाल बदलली. रंजितानं सांगितलं तसं. रोजचं जेवण तेच, फक्त त्यात एक भर: सकाळी कॉलेजला निघताना नाचणीची भाकरी आणि अंडं, दुपारी मूठभर भाजलेले शेंगदाणे गुळाच्या खड्यासोबत, संध्याकाळी वाटीभर डाळ जास्त, निजताना पेलाभर दूध. डोंगर नाय, ढीग नाय. तट्ट फुगेपर्यंत खायचं नाय, आणि एकही दिवस चुकवायचं नाय. गावच्या लाडूवाल्या बायकांना देवजीनं हात जोडून परत पाठवलं. रखमी काकू चार दिवस फुगून बसली, मग आली. आणि भाविकानं घरातली जड कामं आपल्याकडं घेतली. पाण्याचे हंडे, पेंढ्याचे भारे, गोण्या सरकवणं. पहिल्या आठवड्यात हंडा उचलताना तिचे हात थरथरायचे.

वजन रविवारी सकाळी, अनशापोटी, एकाच कपड्यांत. गिरणीच्या काट्यावर नाय, शाळेजवळच्या आरोग्य केंद्रात. पहिल्या रविवारी चाळीस आणि वर थोडंसं. दुसऱ्या रविवारी आणखी थोडंसं. पौषात मात्र दोन रविवार काटा तिथल्या तिथं. एका रविवारी तर पाव किलो खाली आला. जुना देवजी असता तर पळत जाऊन केळी आणली असती. आताच्या देवजीनं रंजिताला फोन लावला.

"काका, एका दिवसाचं वजन बघू नका, महिन्याचं बघा," ती म्हणाली. "खाली-वर होणारच. ती खाते ना नीट? काम करते ना?"

"करते."

"मग आत चाललंय सगळं. दिसत नाय, पण चाललंय."

आत चाललंय! देवजी त्या दिवशी बराच वेळ तेच घोळवत बसला. भात पोटरीत असतं तेव्हा बाहेरून काय दिसतं? काही नाय. नुसतं हिरवं पान. आणि आत लोंबी घडत असते, तिच्यात दूध भरत असतं, कुणी हात लावत नाय, कुणी ढकलत नाय. पन्नास पावसाळे हे बघत आला तो, आणि कधी नवल वाटलं नव्हतं. आता घरात एक पोर शेंगदाणे खात होती, पुस्तक वाचत होती, हंडा उचलत होती, आणि तिच्या आत त्या शेंगदाण्यांचं मांस होत होतं. कोण करत होतं ते? कुठल्या हातानं? विचार करता करता त्याच्या अंगावर काटा आला.

मग एक दिवस त्याला दिसलं. भाविका भाकरी थापत होती. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आधी मनगटावरून सुटून पार कोपरापर्यंत घसरायच्या, हात वर केला की खळखळत खाली यायच्या. सगळं घर त्यावरून तिला हसायचं. आता ती थापत होती आणि बांगड्या मनगटाच्या वर जरा जाऊन थांबत होत्या. देवजी दारातच उभा राहिला. बाहेरून कमळनं विचारलं, "काय झालं?"

"बांगड्या थांबल्या," देवजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कमळनं आत डोकावून बघितलं, आणि तिलाही समजलं. नवरा-बायको भाकरी थापणाऱ्या पोरीकडं देवळात उभं राहिल्यासारखी बघत उभी राहिली.

"काय बघताय?" भाविका खेकसली. "भाकरी करपंल माझी!"

माघ गेला, फाल्गुन गेला. होळीला भाविका पाण्यानं भरलेला मोठा हंडा डोक्यावर आणि दुसरा कडेवर घेऊन विहिरीची चढण एका दमात चढली आणि वर येऊन कुणाशी तरी मोबाइलवर हसत बोलत राहिली. कमळ मात्र तेवढ्या दिवसांत आणखी फिकी पडली होती. गोळ्यांचा जोर कमी झाला होता. डॉक्टर मॅडमनी कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात तारीख घेतली, नाशिकच्या माणसालाही कळवलं. भाविकाची पिशवी त्याच्या आठ दिवस आधी घ्यायची होती, कारण नात्यातलं रक्त म्हणून त्याच्यावर जास्तीची प्रक्रिया करावी लागणार होती. म्हणजे आता मागं-पुढं करायला जागाच नव्हती. आदल्या रविवारी काटा पंचेचाळीसच्या किंचित खाली होता.

कल्याणच्या रक्तपेढीत पोचले तेव्हा सकाळ होती. तिथली नर्स भली बाई. म्हणाली, "रिकाम्या पोटी रक्त देत नायत. आधी नाश्ता करून घे, पाणी पी भरपूर, मग वजन करू."

देवजीला कळत होतं, ही चांगली सोय होती. दोन पेले पाणी, चार इडल्या, की काटा आपोआप पंचेचाळीसच्या पार. कुणी काही म्हणालं नसतं. कमळचा जीव त्या पावशेरावर होता. त्यानं पोरीकडं बघितलं. पोरीनं त्याच्याकडं बघितलं.

"बाय, आधी वजन घ्या," देवजी म्हणाला. "खाईल ती मागून. आमच्यात सुकं वजन करतात."

नर्सला काही कळलं नाय, पण तिनं काटा दाखवला. भाविकानं चपला काढल्या, ओढणी बापाच्या हातात दिली आणि चढली. देवजीनं डोळे मिटून घेतले. त्यानं भातासाठीसुद्धा कधी देवाकडं मागितलं नव्हतं, तेव्हा पोरीच्या वजनासाठी मागितलं.

"पंचेचाळीस आणि वर दोनशे," नर्स म्हणाली. "जा, आता खाऊन ये."

भाविकानं बापाला कोपरानं ढोसलं. "कट्ट वाजलं का?"

देवजीनं मान हलवली आणि ओढणीनंच डोळे पुसले.

खाऊन झालं, रक्त तपासून झालं, आणि पोर पलंगावर आडवी झाली. हातातला चेंडू दाबत होती. नळीतून रक्त खाली पिशवीत उतरत होतं आणि पिशवी एका छोट्या यंत्रावर पाळण्यासारखी हलत होती. देवजी खाली वाकून बघत राहिला. गडद, दाट, जिवंत. त्याच्या खळ्यावरचं भात होतं ते. मळ्यातली नाचणी होती, रखमी काकूच्या कोंबडीची अंडी होती, विहिरीची चढण होती, थंडीतले ते काटा न हललेले रविवार होते. सगळं त्यात होतं आणि त्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. पिशवी भरल्यावर त्यानं नर्सला विचारलं, हात लावू का? तिनं हसून लावू दिला. पिशवी ऊन होती. देवजीनं हात मागं घेतला आणि आपसूक कपाळाला लावला.

ऑपरेशनच्या दिवशी कल्याणचे डॉक्टर बाहेर आले ते घामाघूम होऊन. वाटलं त्यापेक्षा रक्त जास्त गेलं, म्हणाले. नाशिकची पिशवी आतच लागली. दुसरी आता लावलीय. "ती नसती तर अवघड होतं," एवढंच बोलून ते परत आत गेले. देवजी भिंतीला टेकून खाली बसला. भाविका त्याच्या शेजारी बसली.

दुपारी कमळजवळ जाऊ दिलं. ती डोळे मिटून पडली होती, आणि तिच्या डोक्यावर ती पिशवी टांगलेली. थेंब पडायचा, थांबायचा, दुसरा पडायचा. वीस वर्षांपूर्वी तिच्याच पोटात, तिच्याच रक्तावर ही पोर घडली होती, आणि आता थेंबाथेंबानं परत आईच्या घरी येत होती. देवजीला हे एवढं मोठं वाटलं की त्यानं पायातल्या चपला काढून खाटेखाली सारल्या.

कमळनं डोळे उघडले. वरच्या पिशवीकडं बघितलं, मग पायथ्याशी उभ्या पोरीकडं.

"हिचं वजन कमी झालं असंल," ती पुटपुटली.

"झालं असंल," देवजी म्हणाला. त्यानं तिचा हात हातात घेतला. कितीतरी महिन्यांनी तो ऊन लागला. "भरंल परत. घाई नाय."